हायस्पीड, पण कुणाचं?

'हायस्पीड स्टील' हे नाव आजच्या काळात जरा विनोदीच वाटतं. ज्या पोलादाला सगळे हायस्पीड म्हणतात, ते सध्याच्या मशीन शॉपमधलं जवळजवळ सगळ्यात सावकाश कापणारं टूल आहे. साधं माइल्ड स्टील कापायचं असेल तर हायस्पीडचं टूल मिनिटाला पंचवीस-तीस मीटरने चालतं. शेजारच्या सीएनसीवर कार्बाइडचा कोटिंगवाला इन्सर्ट त्याच लोखंडातून दीडशे-दोनशे मीटरने आरामात जातो. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. एसटीच्या 'जलद' पाटीसारखं.

मी मेकॅनिकलचा. म्हणजे डिग्रीने. पोटापाण्याला सॉफ्टवेअर. आमच्या बॅचची निम्मी जनता अशीच, त्यामुळे यात काही विशेष नाही. पण जे मोजके मित्र अजून खऱ्या मेकॅनिकलमध्ये आहेत, त्यांच्याकडून हल्ली एक वाक्य वारंवार ऐकतोय : "एचएसएस संपलं रे आता. कॉलेजात उगाच शिकवतात. थेट कार्बाइड आणि सीएनसीच शिकवावं."

मला हे अजिबात पटत नाही. जुनं ते सोनं वगैरे म्हणून नाही. जुन्या गोष्टींवर माझं तसं काही प्रेम नाही, मी घरचा लँडलाइनसुद्धा पहिल्या संधीला काढून टाकला. माझं म्हणणं वेगळं आहे, पण ते सांगण्याआधी हे पोलाद मुळात काय चीज आहे ते बघू.

आपल्याकडे कोयत्याला, विळ्याला 'पाणी पाजतात'. लोहार पातं लाल करतो आणि पाण्यात बुडवतो, चर्रकन आवाज येतो आणि पातं कडक होतं. हे साधं कार्बनवालं पोलाद. कडक उत्तम होतं, पण त्याची एक खोड आहे. दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापलं की पाजलेलं पाणी उतरायला लागतं आणि धार बसते. आता लेथवर लोखंडाने लोखंड कापताना टूलच्या टोकाशी एवढं तापमान व्हायला काय लागतं? थोडा वेग वाढवा, झालंच. म्हणजे वेगाला मर्यादा होती ती मोटरची किंवा माणसाच्या जोराची नव्हती. टूलच्या टोकाच्या तापमानाची होती.

हायस्पीड स्टीलचा गुण एवढाच की ते सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत आपला कडकपणा सोडत नाही. टोक मंद लाल दिसायला लागलं तरी कापत राहतं. याला रेड हार्डनेस म्हणतात. थंड असताना ते फार जगावेगळं कडक असतं असं नाही. रॉकवेल सी स्केलवर ६२ ते ६५, आणि चांगलं पाणी पाजलेलं कार्बन स्टीलही तिथपर्यंत पोचतं. फरक पडतो तो तापल्यावर. (माणसांचंही असंच असतं असं लिहिण्याचा मोह झाला होता, पण आवरला.)

यात असतं काय? जुनी प्रसिद्ध जात म्हणजे १८-४-१. अठरा टक्के टंगस्टन, चार टक्के क्रोमियम, एक टक्का व्हॅनेडियम. परीक्षेत हमखास दोन मार्कांना. आज जास्त चालतं ते एम-टू : साधारण सहा टक्के टंगस्टन, पाच टक्के मॉलिब्डेनम, चार क्रोमियम, दोन व्हॅनेडियम. त्याहून कडक कामाला कोबाल्ट घातलेले, एम-३५ मध्ये पाच टक्के आणि एम-४२ मध्ये आठ टक्के. ड्रिलवर 'एचएसएस-सीओ' किंवा 'कोबाल्ट' असं छापलेलं असतं ते हे.

पण गंमत अशी की नुसत्या मसाल्याने काम भागत नाही. खरी गोष्ट भट्टीत आहे, आणि तिचा इतिहास मला फार आवडतो.

१८६८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेटने टंगस्टन घातलेलं एक पोलाद काढलं. त्याला पाणी पाजावंच लागत नसे. लाल करून नुसतं हवेत ठेवलं तरी कडक होई. म्हणजे पाणी नाही, वारा पाजायचा! पुढची तीसेक वर्षं चांगलं टूल म्हणजे मशेटचं टूल. ते तापवायचा नियमही ठरलेला होता : चेरीसारखं लाल, म्हणजे साधारण ८५० अंशांपर्यंत. त्याच्या वर नेलं की टूल वाया गेलं. सगळ्या लोहारांना हे माहीत होतं आणि ते खरंही होतं.

अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीत १८९८ च्या सुमारास फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट हे दोघे याच जातीच्या पोलादांवर प्रयोग करत होते. त्यांना दिसलं की ८५० च्या वर नेलं की टूल खरंच बिघडतं, पण न थांबता आणखी वर, साडेनऊशेच्या पुढे, अगदी वितळण्याच्या उंबरठ्यापर्यंत नेलं तर ते पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं होऊन बाहेर येतं. मधे एक खड्डा होता आणि सगळी दुनिया खड्ड्याच्या अलीकडच्या काठावरून परत फिरत होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात बेथलेहेमच्या दालनात लेथ लावून दाखवला : टूलचं टोक लाल, चिप्स निळ्या होऊन पडतायत, आणि टूल कापतंय. युरोपातले कारखानदार बघतच राहिले.

असं का होतं हे त्या दोघांना तेव्हा सांगता आलं नव्हतं. ते नंतर कळलं. पोलादातले टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम हे कार्बनला धरून कार्बाइडचे कण करून बसलेले असतात. ते विरघळवायचे तर बाराशे अंशांच्या वर जावं लागतं. मग थंड करायचं आणि पुन्हा ५५० अंशांच्या आसपास तापवून ठेवायचं, हे सहसा तीनदा. या दुसऱ्या तापवण्यात विरघळलेला माल अतिशय बारीक कणांच्या रूपात परत बाहेर येतो आणि पोलाद कडक होतं. साधं पोलाद ज्या तापमानाला मऊ पडतं, त्याच्या दुपटीला हे कडक होतं! मग कापताना पाचशे अंश झाले तर त्याला काय फरक पडणार, तो त्याचा घरचाच उन्हाळा.

टेलर हा माणूस भयंकर चिकाटीचा. त्याने धातू कापण्यावर सव्वीस वर्षं प्रयोग केले आणि डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियर्सच्या सोसायटीपुढे त्याचा निबंध मांडला. त्याच्याच हिशोबाप्रमाणे तीस ते पन्नास हजार नोंदवलेले प्रयोग आणि आठ लाख पौंड लोखंडाचा कीस. त्यातून आलं ते समीकरण प्रत्येक मेकॅनिकलवाल्याने घोकलेलं असतं : व्ही टी टू द पॉवर एन इज इक्वल टू सी. व्ही म्हणजे वेग, टी म्हणजे टूलचं आयुष्य.

आम्ही ते घोकलं, गणितं सोडवली आणि विसरलो. पण ते नीट बघितलं तर धक्का बसतो. हायस्पीडसाठी एन साधारण एक अष्टमांश धरतात. म्हणजे वेग फक्त दहा टक्के वाढवला की टूलचं आयुष्य निम्म्याहून कमी होतं. दहा टक्के कमी केला की सव्वादोन पटीहून जास्त होतं. दुप्पट वेग केला तर आयुष्य २५६ पटींनी घटतं! कार्बाइडला एन पाव धरला तरी दुप्पट वेगाला सोळा पट घट आहेच. "अजून थोडं फास्ट कर ना" म्हणणाऱ्या प्रत्येक मॅनेजरच्या टेबलावर हे समीकरण फ्रेम करून ठेवावं असं मला वाटतं. असो.

आता 'संपलं' म्हणणाऱ्यांकडे येतो.

कार्बाइड श्रेष्ठ आहे यात वादच नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या क्रुप कंपनीने ते 'विडिया' नावाने आणलं, म्हणजे हिऱ्यासारखं. हजारो एकसारखे जॉब करायचे, मशीन दणकट आणि वेगवान असेल, तर हायस्पीड वापरणं वेडेपणा आहे. पण कार्बाइड जितकं कडक तितकंच ठिसूळ. हादरे सहन होत नाहीत. आणि त्याचा वेग वापरायला मशीनमध्येही तेवढा वेग लागतो.

साधा हिशोब करा. तीन मिलिमीटरचं ड्रिल मिनिटाला शंभर मीटरने फिरवायचं तर साडेदहा हजार आरपीएम पाहिजेत. गल्लीतल्या कुठल्या पिलर ड्रिलला ते आहेत? हायस्पीडच्या तीस मीटरला तीन हजारांच्या आसपास पुरतात. म्हणून ड्रिल अजून हायस्पीडचंच. टॅपला पीळ बसतो, म्हणून बहुतेक टॅप हायस्पीडचे. गिअर कापायचे हॉब, ब्रोच, फॉर्म टूल, बँडसॉच्या पात्याचे दात, इथे सगळीकडे अजून हेच पोलाद भेटतं. घरातल्या ड्रिलच्या डबीतलं जे सोनेरी ड्रिल तुम्ही उचलता, तेही बहुधा हायस्पीडच, वर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर.

भोसरीत आमच्या ओळखीच्या एका काकांचं तीन लेथचं शॉप आहे. मोठ्या कारखान्यांचं मेंटेनन्सचं काम घेतात. एखादी पिन, एखादं बुश, तुटलेल्या शाफ्टच्या जागी दुसरा. एकच नग, आणि तोही काल पाहिजे होता असा. मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही इन्सर्ट का नाही वापरत?" ते म्हणाले, "वापरतो की. बीडाला वापरतो, वेल्डिंग केलेला जॉब असला की वापरतो. पण माझा लेथ हजारावर फिरला की थरथरतो रे. इन्सर्टला चोवीसशे पाहिजेत. आणि गिऱ्हाईक असला गोल खाचा मागतं, तो कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळणार?" त्यांनी हायस्पीडचा चौकोनी तुकडा घेतला, साध्या ग्राइंडरवर दहा मिनिटांत त्याला खाचेचा आकार दिला, रेडियस गेजने बघितला आणि कामाला लागले.

मला वाटतं या दहा मिनिटांत माझा सगळा मुद्दा आहे.

तो कळायला परत टेलरकडे जावं लागेल. कारण टेलर आपल्याला कॉलेजात दोनदा भेटतो. एकदा मॅन्युफॅक्चरिंगच्या पेपरात, टूल लाइफच्या समीकरणात. दुसऱ्यांदा इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरात, सायंटिफिक मॅनेजमेंटचा जनक म्हणून. हे दोन टेलर एकच आहेत हे मला कुणी ठासून सांगितलं नव्हतं. पोलाद आणि स्टॉपवॉच एकाच माणसाच्या, एकाच प्रयोगमालेतून आले!

कारण त्याचे प्रयोग मुळात पोलाद शोधायला सुरू झालेच नव्हते. एखादं काम किती वेळात व्हायला हवं हे कारागीर ठरवतो, साहेबाला कळत नाही, हे त्याचं दुखणं होतं. कोणत्या टूलने, कोणत्या वेगाने, किती खोल कापायचं हे लेथवाल्याच्या अनुभवात होतं. टेलरला ते कागदावर पाहिजे होतं. पोलाद सापडलं, समीकरण सापडलं, मग त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने त्यावरून स्लाइड रूल बनवला, की लेथचा वेग आता ऑफिसात बसून ठरवता यावा. डोक्याचं काम शॉपमधून काढून प्लॅनिंग खात्यात न्यावं हे टेलरने १९०३ च्या 'शॉप मॅनेजमेंट'मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. आणि टूलला धार? ती कारागिराने आपापली लावायची नाही. टूलरूममध्ये ठरलेल्या कोनांत लावून मिळेल.

आता न्यायाने बोलायचं तर टेलर स्वतः शॉपमध्ये काम करून वर आलेला माणूस होता आणि जास्त काम करणाऱ्याला जास्त पगार द्या असंही तो सांगायचा. पण किती जास्त? त्याचंच प्रसिद्ध उदाहरण त्याच बेथलेहेमचं आहे. कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणारा माणूस दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेला आणि त्याची मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, पैसे दीडपटीच्या थोडे वर. हे आकडे टेलरने १९११ च्या पुस्तकात अभिमानाने दिलेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात स्टॉपवॉच आलं आणि साचे करणाऱ्या कामगारांनी काम बंद केलं. प्रकरण अमेरिकन संसदेच्या समितीपर्यंत गेलं.

म्हणजे हायस्पीड स्टील जन्माला आलं ते कारागिराच्या हातातलं ज्ञान काढून ऑफिसात नेण्याच्या खटाटोपात. आणि सव्वाशे वर्षांनी परिस्थिती बघा. इन्सर्ट घासला की फिरवायचा, चारी कोपरे संपले की भंगाराच्या डब्यात टाकायचा. त्याचा आकार, कोटिंग, चिप मोडणारी खाच, सगळं कंपनीने ठरवलेलं. वेग कॅटलॉगमध्ये छापलेला. टेलरला स्वर्ग मिळाल्यासारखं वाटलं असतं. आणि ज्या पोलादाने याची सुरुवात केली, तेच आता शॉपमधलं शेवटचं टूल उरलंय ज्यावर माणूस स्वतःच्या डोक्याने धार लावू शकतो. कार्बाइडला हिऱ्याचं किंवा हिरवं चाक लागतं. हायस्पीडला कोपऱ्यातला साधा ग्राइंडर चालतो.

धार लावायला शिकणं म्हणजे कापणं समजणं. रेक अँगल वाढवला की टूल हलकं कापतं पण टोक नाजूक होतं, क्लिअरन्स कमी पडला की टूल घासतं, जॉब तापतो, फिनिश जातो. हे मी पुस्तकात आकृत्या काढून शिकलो. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये टूल ग्राइंड करूनच हातात मिळायचं, मुलांचे हात कापतील म्हणून. काकांना आकृती काढता येणार नाही, पण ठिणगी बघून ते सांगतात की कार्बन स्टीलची ठिणगी पांढरट, फुटून फुलणारी, आणि टंगस्टनवाल्या हायस्पीडची मंद, तांबूस. बाजारात 'हायस्पीड' म्हणून काय विकतायत ते ओळखायला ही ठिणगी पुरते.

माझ्या क्षेत्रातही सध्या एक नवं हायस्पीड स्टील आलंय. कोड लिहून देणारी एआय टूल्स. वेग खराच वाढलाय, मीही वापरतो, आणि पॅरिस प्रदर्शनासारखी सगळी बघत उभी आहेत. पण मीटिंगमध्ये प्रश्न एकच विचारला जातो, की मग आता एस्टिमेट किती कमी करायचं. वाढलेला वेग कुणाच्या पदरात पडला, आणि या टूलला धार आपली आपल्याला लावता येते का, हे फारसं कुणी विचारत नाही. हे प्रश्न आमचे नवे नाहीत. बेथलेहेमच्या शेडमध्ये ते सव्वाशे वर्षांपूर्वी येऊन गेलेत.

आणखी एक व्यवहाराचा मुद्दा. कार्बाइड म्हणजे वजनाने बहुतांश टंगस्टन. जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनसह काही धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. दुसऱ्या महायुद्धात टंगस्टनची अशीच ओढाताण झाली तेव्हा अमेरिकेने १८-४-१ सोडून मॉलिब्डेनमच्या जातींकडे मोर्चा वळवला. मॉलिब्डेनमचा अणू वजनाने टंगस्टनच्या साधारण निम्मा, त्यामुळे निम्म्या वजनात तेवढंच काम होतं. एम-टू जगभर रुळलं ते त्यातून. सहा टक्के टंगस्टनमध्ये भागणारं, घरच्या घरी परत परत धार लावता येणारं टूल हाताशी असणं आणि ते वापरता येणारी माणसं असणं, हा मागासलेपणा कसा काय?

तेव्हा सीएनसी शिकवा, कार्बाइड शिकवा, जरूर शिकवा. पण पहिल्या वर्षी प्रत्येक मुलामुलीच्या हातात हायस्पीडचा एक चौकोनी तुकडा द्या, चष्मा द्या, ग्राइंडरसमोर उभं करा आणि म्हणा, याचं टूल कर आणि त्याने एक पिन कापून दाखव. पाच-सहा तुकडे वाया जातील, जाऊ देत. तिसऱ्या वर्षी टेलरचं समीकरण शिकवाल तेव्हा त्याच तासाला त्याचं स्टॉपवॉचही शिकवा, वेगळ्या पेपरात नको.

पटलं नाही तर जरूर सांगा. वाद घालायला शनिवार-रविवार मोकळाच असतो.